रिपोर्टर तयारच असतो, प्रश्न उशिरा पोहोचतो

टीव्हीवरच्या थेट बातम्यांबद्दलच्या एका लेखात म्हटलंय की स्टुडिओतल्या अँकरने प्रश्न विचारल्यावर रिपोर्टर नुसता बघत राहतो, कारण तयारी नसते. हे अजिबात पटलं नाही. मी नागपुरात फील्डवर कॅमेरा करतो. आमचं चित्र-आवाज ज्या भूस्थिर उपग्रहामार्फत जातं, तो सुमारे ३६,००० किलोमीटरवर. सिग्नल वर जाऊन खाली येण्यातच पाव सेकंद जातो, शिवाय एन्कोडिंगचा, म्हणजे चित्र-आवाज पाठवण्याजोगे दाबून लहान करण्याचा, वेळ वेगळा. अनेक मोबाइल सिमांवरून चित्र पाठवणाऱ्या बॅकपॅकवर तर हा उशीर सेकंद-दोन सेकंदही होतो. हिवाळी अधिवेशनात विधानभवनासमोर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर गर्दीने नेटवर्क भरलं की बफर, म्हणजे चित्र दाखवण्याआधी थोडं साठवून ठेवण्याचा वेळ, वाढवावाच लागतो, नाहीतर चित्र फाटतं.

पण खरा छळ कानातल्या आवाजाचा. स्टुडिओतून येणाऱ्या फीडमधून रिपोर्टरचा स्वतःचा आवाज वगळलेला हवा. तो वगळला नाही तर आपलंच वाक्य मागून कानावर आदळतं, आणि भलेभले अडखळतात. आमच्या रिपोर्टरताई अशा वेळी इअरपीस अर्धा बाहेर ओढतात, वाक्य संपवतात, मग परत बसवतात. घरी बसलेल्यांना ते दिसतही नाही.

अँकर मंडळींना कळकळीची विनंती: एकच प्रश्न पूर्ण विचारा आणि थांबा. मध्येच 'बरं, बरं' म्हटलं की ते इकडे उशिरा पोहोचतं आणि बोलणारा वाक्य तोडून थांबतो.