कवितेतला प्राणी आणि कवीचा हात

प्राण्यांवरच्या कविता मला मनापासून आवडतात, आणि म्हणूनच त्यांतल्या बहुतेकांचा मला राग येतो. दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी तशी एखादी कविता पुढे पाठवतो. तिच्यात कुत्रा इमानी असतो, माणूस कृतघ्न असतो, पिंजऱ्यातला पोपट स्वातंत्र्यावर चार ओळी बोलतो आणि शेवटी कवी माणूसजातीला खडसावून मोकळा होतो. अशा कवितेत खरा कुत्रा कुठेच नसतो. माणसांवर रुसलेल्या एका माणसाने आपल्या बाजूने उभा केलेला तो साक्षीदार असतो. आणि ज्या माणूसजातीला दोष दिलेला असतो, तिच्यात कवी स्वतःला धरत नाही, आणि वाचकही धरत नाही.

आपल्याकडे तर कवितेचा उगमच एका पक्ष्याच्या मृत्यूशी जोडलेला आहे. तमसेच्या काठी निषादाने क्रौंचाच्या जोडीतल्या नराला बाण मारला, मादीने आक्रोश केला आणि वाल्मीकींच्या तोंडून जो शाप बाहेर पडला तो श्लोक होता. या कथेचे मोठेपण मला मान्य आहे, तरी दोन गोष्टी मला अस्वस्थ करतात. पहिली म्हणजे, करुणा जागी व्हायला तिथे प्रेमात दंग असलेली जोडी होती. एकटाच, कुरूप, कुणाला न आवडणारा पक्षी मेला असता तर काय झाले असते, याचे उत्तर कथा देत नाही. दुसरी म्हणजे, शोक पक्ष्यासाठी असला तरी बोट निषादाकडे आहे. त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली होती का, हे तो श्लोक विचारत नाही.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे जे वर्णन येते ते याच्या उलट दिशेने जाते, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. केसर चुरगळेल या शंकेने भ्रमर कमळावर हळुवार पाय ठेवतो, तसा हा पुरुष परमाणूंत गुंतलेले लहानगे जीव ओळखून ‘कारुण्यामाजीं पाउलें । लपवूनि चाले’. इथे शाप द्यायला दुसरा कुणीच नाही. इजा करू शकेल असा पाय स्वतःचाच आहे, आणि सगळी काळजी त्या पायाची घ्यायची आहे.

प्राण्यांवरची कविता वाचताना मी म्हणूनच आधी पाहतो की त्या प्राण्याला दुखावणारा हात कुणाचा आहे. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश शेतकरी कवीच्या कवितेत तो त्याचाच आहे. नोव्हेंबर १७८५ मध्ये शेत नांगरताना त्याच्या नांगराने एका उंदराचे घरटे उद्ध्वस्त झाले, आणि तो त्या उंदराशी बोलू लागला. तो माणसाच्या सत्तेबद्दल खेद व्यक्त करतो, पण मला त्याहून आवडतो तो त्याने मांडलेला हिशेब: तू चोरी करतोस हे खरे, पण तुलाही जगायचे आहे, चोवीस पेंढ्यांतले एखादे कणीस तू नेलेस तर माझे काय बिघडणार? उंदराला तो निष्पाप ठरवत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने उंदीर चोर आहे, आणि चोराच्याही पोटाचा विचार करण्याइतकी ही करुणा व्यवहारी आहे. शेवटच्या कडव्यात कवी स्वतःच्या चिंतांकडे वळतो. दुसऱ्या कुणी ते केले असते तर मला खटकले असते, पण एव्हाना त्याने तो अधिकार कमावलेला असतो.

डी. एच. लॉरेन्सच्या सापावरच्या कवितेत साप पाण्याच्या कुंडावर येतो, पाणी पितो, आणि त्याच्याकडे थक्क होऊन पाहणारा कवीच तो परत फिरताना त्याच्यावर लाकूड फेकतो. नंतर त्याला जे बोचते ते स्वतःचे क्षुद्रपण. फिलिप लार्किनने १९७९ साली गवत कापताना यंत्रात सापडून मेलेल्या हेजहॉग या लहान काटेरी प्राण्यावर लिहिले. त्या प्राण्याला त्याने पूर्वी एकदा खाऊही घातले होते. तीनही कवितांत प्राणी प्रतीक होण्याआधी एक विशिष्ट जीव आहे, आणि त्याच्यासमोर उभा असलेला माणूसही विशिष्ट आहे.

माझी ही कसोटी एका कवितेपुढे मात्र अपुरी पडते. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला रिल्के या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या कवीने पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयातल्या पँथरवर बारा ओळी लिहिल्या. तिच्यात कवी नाही, प्रेक्षक नाही, दयेचा एक शब्द नाही. सतत सरकणाऱ्या गजांनी थकून गेलेली एक नजर आहे, जिच्या लेखी गजांपलीकडे जगच उरलेले नाही. पिंजरा कुणी बांधला हे तो सांगत नाही आणि तरीही वाचणाऱ्याची सुटका होत नाही. हे कसे साधते ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

कवितेने प्राण्यांचे काय भले होते, असे विचारणारे विचारतातच. कायद्याने होते, हे उघड आहे. पण कायद्याला यादी लागते. ब्रिटिश संसदेने १८२२ साली गुरांवरील क्रौर्याविरुद्ध कायदा केला, त्यात घोडे, गाढवे, गायी-बैल आणि मेंढ्या होत्या. कुत्री-मांजरे नव्हती, उंदराचा तर प्रश्नच नव्हता. त्याच उंदराची माफी एका शेतकरी कवीने सदतीस वर्षे आधी मागून ठेवली होती. यादीबाहेरच्या जीवाकडे पाहायला कवीला कुणाची परवानगी लागत नाही, आणि माझी तक्रार ही की ही मोकळीक आपण फारशी वापरत नाही. अमेरिकेत कत्तलीच्या वेळच्या यातना कमी करण्यासाठी १९५८ साली कायदा झाला, पण त्याचे संरक्षण कोंबड्यांना मिळत नाही. आणि कवितेतही त्या जवळजवळ नाहीतच.

जगात दरवर्षी सात हजार कोटींहून अधिक कोंबड्या मांसासाठी मारल्या जातात. ब्रॉयलर कोंबडीचे आयुष्य साधारण सहा आठवड्यांचे, आणि वजन इतक्या वेगाने वाढवलेले की अनेकींना ते स्वतःच्या पायांवर पेलत नाही. हरणावर, चिमणीवर, वाघावर लिहिणाऱ्यांना ही कोंबडी का दिसत नाही, याचे कारण केवळ ती सुंदर नाही हे नसावे. कवितेला एक जीव लागतो, आणि शेडमधल्या हजारोंतून एकीला वेगळे ओळखण्याइतका वेळ कुणाकडेच नसतो. शिवाय तिच्या बाबतीत आपला हात सुरीवर नसून ताटात असतो, त्यामुळे बर्न्ससारखे अचानक थबकण्याचा प्रसंग आपल्यावर येतच नाही. तो थबकला, कारण नांगर त्याच्या हातात होता. रात्री शेडमध्ये शिरून कोंबड्या पायांना धरून क्रेटमध्ये भरणाऱ्या एखाद्या कामगाराने तशी कविता लिहिली असेल, किंवा उद्या लिहिली, तर इमानी कुत्र्यांच्या शंभर कविता बाजूला ठेवून मला ती आधी वाचायची आहे.