फोटोखालची नावे

आज 29 ऑगस्ट, ध्यानचंद यांचा जन्मदिवस. सकाळचा चहा होईपर्यंत एकच जुना फोटो माझ्या मोबाइलवर चार जणांकडून आला. हॉकीचा संघ ओळीने उभा आहे, मागे खांबावर तिरंगा आहे आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘बर्लिन 1936, मेजर ध्यानचंद आणि त्यांचा विजयी संघ’ असे लिहिले आहे. 1936 साली ध्यानचंद मेजर झालेले नव्हते, ही चूक एकवेळ पोटात घालू. पण त्या तिरंग्यावरचे चक्र चष्म्याशिवायही दिसते, आणि चक्र असलेला हा ध्वज संविधान सभेने 22 जुलै 1947 रोजी स्वीकारला, हे आपण सगळेच शाळेत शिकलो आहोत. मग 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो कुठून आला, असा प्रश्न चौघांपैकी एकालाही पडू नये?

माझा संताप काही जणांना अवाजवी वाटेल, म्हणून आमच्या घरातल्या फोटोची गोष्ट सांगतो. आजोबा खडकीच्या कारखान्यात होते आणि तिथल्या संघातून हॉकी खेळत. त्या संघाचा फोटो आमच्या ओटीवर होता. मागे सहा जण उभे, पुढे तिघे खुर्चीवर, दोघे सतरंजीवर कोपर टेकून आडवे, मध्ये करंडक आणि त्याला टेकवलेली पाटी. खालच्या जाड पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरांत अकराही नावे होती. काच फुटली तेव्हा वडिलांनी तो नव्या चौकटीत बसवायला दिला, आणि चौकट तयार होती त्या मापाची म्हणून फ्रेमवाल्याने खालचा पुठ्ठा कापून टाकला. ‘असू दे, नावे आपल्याला पाठ आहेत,’ असे वडील म्हणाले. ती त्यांना पाठ होती, हे खरेच. पण वडील गेले आणि नावेही त्यांच्याबरोबर गेली.

तर सकाळच्या फोटोकडे परत येतो. तो लंडन ऑलिंपिकचा आहे, 1948 चा. कर्णधार किशनलाल ओळखू येतात, शेजारी के. डी. सिंग ‘बाबू’ आहेत. 12 ऑगस्ट 1948 रोजी वेम्बलीवर अंतिम सामन्यात याच संघाने ग्रेट ब्रिटनला 4-0 असे हरवले. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांना, त्यांच्याच मैदानावर, स्वातंत्र्याला वर्ष पूर्ण होण्याच्या तीन दिवस आधी! त्यात दोन गोल बलबीर सिंग यांचे होते. (ते पुढे ‘बलबीर सिंग सीनियर’ झाले, कारण 1968 च्या मेक्सिकोच्या संघात तर तीन बलबीर सिंग होते. फोटोखाली नुसते ‘बलबीर’ लिहिणाऱ्यांनी याचा विचार करावा.) लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ हे मुंबईच्या मैदानांवर खेळणारे गोवेकर त्याच संघातले. ध्यानचंद यांचे नाव चिकटवताना आपण या सगळ्यांचा पुठ्ठा कापला आणि वर त्यांना अभिवादनही केले.

मान्य आहे, हा फोटो फिरला नसता तर निम्म्या लोकांना आज कोणता दिवस आहे हेही कळले नसते. पण ध्यानचंद यांना उसन्या फोटोची गरज आहे का? 15 ऑगस्ट 1936 रोजी जर्मनीला 8-1 असे हरवणारा त्यांचा संघ पुरेसा मोठा आहे, आणि त्याचे खरे फोटो आहेत.

ओळख पटवायला वेळ लागतो, एवढेच. आमचा फोटो घेऊन मी आत्याकडे गेलो तेव्हा ती शहाऐंशी वर्षांची होती. चेहऱ्यांकडे तिने आधी पाहिलेच नाही. ‘हा वाकडी करंगळी लपवतोय, म्हणजे गोलकीपर. हे दोघे भाऊ, कान बघ त्यांचे,’ असे करत तिने सात जण लावून दिले. पाटीवर खडूने 195 एवढेच दिसत होते. शेवटचा आकडा करंडकाच्या बुडाआड गेला होता. मग ती आजोबांपाशी थांबली आणि म्हणाली, ‘अरे, दादांना मिशी नाही!’ आजोबांनी आयुष्यात एकदाच मिशी उतरवली होती, त्यांचे वडील गेले तेव्हा. आणि पणजोबा 1953 च्या श्रावणात गेले. फोटोत आजोबांच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढेच केस आहेत. म्हणजे फोटो त्याच वर्षीच्या दिवाळीच्या आसपासचा.

लिहिता लिहिता राग बराच उतरला आहे. त्या चौघांपैकी एक माझा भाचा आहे, अठरा वर्षांचा. त्याने निदान हॉकीचा फोटो पाठवला, क्रिकेटचा नाही. त्याला मी चक्राबद्दल लिहिले, तर दहा मिनिटांत त्याचे उत्तर आले, ‘मामा, मग डावीकडून तिसरा कोण?’ आता आम्ही दोघे तेच शोधत बसलो आहोत.

आमच्या फोटोच्या पाठीवर मी सात नावे पेन्सिलने लिहिली, आठवे आजोबांचे. मागच्या रांगेतले तिघे अजून कोरे आहेत. खडकीत 1953 च्या सुमारास ज्यांच्या घरातले कुणी हॉकी खेळत होते, त्यांनी कृपया मला कळवावे. फोटो पहिल्या प्रतिक्रियेत टाकतो आहे.