राजा पाय धुतो? त्याला तीनशे वर्षं होऊन गेली

ईस्टर जवळ आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज न चुकता उगवतो. मजकूर साधारण असा: ‘इंग्लंडचा राजा दर गुड फ्रायडेला ७६ गरिबांचे पाय स्वतःच्या हातांनी धुतो आणि प्रत्येकाला सोन्याची नाणी देतो. आठशे वर्षांत ही प्रथा एकदाही खंडित झालेली नाही. ही नाणी विकणे तिथे गुन्हा आहे. आपले नेते यातून काही शिकतील का?’ खाली हात जोडलेले चार इमोजी आणि गुडघ्यावर बसून कुणाचे तरी पाय पुसणाऱ्या एका माणसाचा फोटो. तो माणूस इंग्लंडचा राजा नाही, पोप फ्रान्सिस आहेत.

मला जुनी नाणी जमवायचा नाद आहे आणि या समारंभाची चार नाणी माझ्या कपाटात आहेत. म्हणून यंदा गप्प बसवलं नाही. मेसेज पाठवणारे काका वयाने आणि मनाने मोठे आहेत, रागावणार नाहीत असं धरून लिहितो.

दिवसापासूनच सुरुवात करू, ते पटकन उरकतं. हा समारंभ गुड फ्रायडेला नसतो, आदल्या दिवशी असतो. आपल्याकडचे ख्रिस्ती लोक ज्याला पवित्र गुरुवार म्हणतात, तो हा दिवस. इंग्रजीत त्याला मॉन्डी म्हणतात आणि हा शब्द आज्ञा या अर्थाच्या लॅटिन ‘मांडाटुम’वरून आला आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले आणि एकमेकांवर प्रेम करण्याची नवी आज्ञा दिली, ती ही आज्ञा.

आता पाय धुण्याचं. मेसेजचा सगळा जीव यातच आहे, आणि खरी गंमतही.

इंग्लंडचे राजे-राण्या एकेकाळी खरंच पाय धुवत. १५५६ साली मेरी राणीने ४१ गरीब बायकांचे पाय धुतल्याचं वर्णन एका इटालियन माणसाने डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलं आहे. दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत राणी गुडघ्यांवर सरकत गेली. प्रत्येकीला मासे, पाव, कापड आणि ४१ पेनींची चामडी थैली दिली आणि शेवटी अंगावरचा झगा त्यांच्यातल्या सर्वांत गरीब आणि म्हाताऱ्या बाईला देऊन टाकला. मेरीने पंथाच्या वादात माणसं जाळली हेही खरं आहे, पण त्या गुरुवारी ती गुडघ्यांवर होती.

पुढे मात्र राजांचे गुडघे हळूहळू ताठ होत गेले. १६६७ च्या पवित्र गुरुवारी रोजनिशीमुळे प्रसिद्ध झालेल्या सॅम्युअल पीप्सची बायको लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात हा समारंभ बघून आली आणि पीप्सने रोजनिशीत नोंद केली की, राजाने स्वतः पाय धुतले नाहीत, त्याच्या वतीने लंडनच्या बिशपने धुतले. पाय धुणारा शेवटचा राजा म्हणून सहसा दुसऱ्या जेम्सचं नाव घेतात आणि त्याची गादी १६८८ मध्ये गेली. १७३१ साली हे काम यॉर्कच्या आर्चबिशपकडे होतं. त्या दशकातच पाय धुणं कायमचं बंद पडलं.

मागे राहिला तो टॉवेल! आजही या समारंभात राजाचा दानाध्यक्ष (आपल्याकडच्या पंडितरावांच्या जवळपासचं पद, आता ते एका बिशपकडे असतं) आणि त्याचे सहकारी कमरेला पांढरा लिननचा टॉवेल बांधून उभे असतात. राजाच्या हातात सुगंधी फुलापानांचा छोटा गुच्छ असतो. गर्दीचा वास आणि रोगराई दूर ठेवण्यासाठी पूर्वी तो बाळगत. म्हणजे टॉवेल आहे, वासावरचा उतारा आहे, फक्त पाणी आणि पाय नाहीत. हे असं का चालू ठेवतात, असं विचारणाऱ्यांनी आपल्या लग्नातले विधी एकदा डोळ्यांसमोर आणावेत.

पाय धुणारा सम्राटच हवा असेल तर तो लंडनला नव्हता, व्हिएन्नाला होता. ऑस्ट्रियाचा फ्रान्झ योझेफ विसाव्या शतकातही दरसाल बारा म्हाताऱ्यांचे पाय धुवायचा. मेसेज लिहिणाऱ्याने पत्ता चुकवला.

‘७६’ हा आकडा कुठून आला ते सांगता येतं. जितकं राजाचं वय तितकी माणसं, असा इथला नियम. २०२५ मध्ये डरहॅमच्या कॅथेड्रलमध्ये समारंभ झाला तेव्हा चार्ल्स ७६ वर्षांचे होते. पण माणसं ७६ नव्हती, १५२ होती: ७६ पुरुष आणि ७६ स्त्रिया. पूर्वी राजा असला की फक्त पुरुष आणि राणी असली की फक्त बायका बोलावत. आता दोन्ही सारखे. आकडा दरवर्षी बदलतो, म्हणून दरवर्षी तोच मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी निदान तेवढं तरी बदलावं.

आणि ही माणसं ‘गरीब’ नसतात. म्हणजे कुणी असेलही, पण त्यासाठी निवड होत नाही. वेगवेगळ्या पंथांचे धर्मगुरू आपल्या भागातल्या सत्तरीपुढच्या लोकांची नावं सुचवतात. कुणी चर्चमध्ये वर्षानुवर्षं राबलेलं असतं, कुणी गावातल्या आजाऱ्या-म्हाताऱ्यांकडे बघितलेलं. आपल्याकडे ज्येष्ठ कार्यकर्त्याला शाल-श्रीफळ देतात, त्याच्या जवळचा हा प्रकार. यावर उलट टोकाची टिंगलही मी वाचली आहे, की अब्जाधीश राजा गरिबांच्या हातावर ७६ पेनी टेकवतो. तीही तितकीच चुकीची, कारण शाल-श्रीफळाची किंमत कुणी बाजारभावाने करत नाही.

गरिबांचं पोट भरण्याचा हेतू पूर्वी खराच होता. १७३१ च्या त्या समारंभात प्रत्येकाला उकडलेलं गोमांस, मटण आणि एल या बिअरचा छोटा वाडगा असं जेवण मिळालं. वर लाकडी ताटातून घरी न्यायला ‘लिंग’ जातीचा एक मोठा मासा, एक सुकवलेला कॉड, चोवीस हेरिंग (बारा धुरी दिलेले, बारा खारवलेले), पाव, शिवाय बूट, मोजे आणि कापड. कोकणातल्या माणसाला पावसाळ्याची बेगमी आठवेल. पुढे कापड आणि खाणं या दोन्हींच्या जागी रोख रक्कम आली.

ती रोख आजही लाल थैलीत असते, साडेपाच पौंड. तिचा हिशेब ऐकण्यासारखा आहे: तीन पौंड कपड्यांचे, दीड पौंड शिध्याचा आणि एक पौंड राणीच्या झग्याचा! मेरीने झगा देऊन टाकला, पहिल्या एलिझाबेथने झगा न देता त्याबदली पैसे दिले, आणि ते पैसे अजून चालू आहेत.

सोनं कुठेच नाही. दुसरी थैली पांढरी, तिच्यात खास पाडलेली चांदीची नाणी असतात. एक, दोन, तीन आणि चार पेन्सची, मिळून दहा पेन्सचा एक संच. एकूण रक्कम राजाच्या वयाएवढी. ७६ पेन्स म्हणजे असे सात संच आणि वर सहा पेन्स. एका पेनीला अर्ध्या ग्रॅमपेक्षा थोडी कमी चांदी लागते, तेव्हा सगळी मिळून छत्तीसेक ग्रॅम भरते. आपल्या भाषेत तीन तोळे, तीही शंभर नंबरी नाही, साडेब्याण्णव टक्के.

माझ्याकडचा संच व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, १८८२ चा. त्यातली पेनी शर्टाच्या बटणाएवढी आहे. भिंग लावलं की एक आकडा दिसतो, डोक्यावर मुकुट, भोवती ओकच्या पानांची माळ. साल आकड्याने मधोमध चिरलेलं आहे, डावीकडे १८, उजवीकडे ८२. ही मागची बाजू १८२२ पासून जवळजवळ तशीच आहे. पुढच्या बाजूचाही एक किस्सा आहे. दुसऱ्या एलिझाबेथचा चेहरा इतर नाण्यांवर वयाप्रमाणे बदलत गेला, मॉन्डीच्या नाण्यांवर मात्र १९५३ चा तरुण चेहरा शेवटपर्यंत ठेवला. २०२२ मध्ये ९६व्या वर्षात असलेल्या राणीच्या नावाने वाटलेल्या नाण्यांवर विशीतली मुलगी होती.

‘एकदाही खंड नाही’ हे अर्धसत्य आहे. प्रथा जुनी, यात वाद नाही. १२१० मध्ये जॉन राजाने नेर्झबरोला गरिबांना दान केल्याची नोंद आहे, १२१३ मध्ये रॉचेस्टरला त्याने तेरा जणांना तेरा-तेरा पेनी दिल्या. (हाच तो जॉन, ज्याला दोन वर्षांनी सरदारांनी मॅग्ना कार्टा या हक्कांच्या सनदेपुढे नमवलं.) दान चालू राहिलं, पण राजाच गायब झाला. सतराव्या शतकाअखेरपासून दोनशेहून अधिक वर्षं सगळं दानाध्यक्षावर सोपवलेलं होतं. १९३२ मध्ये पाचवा जॉर्ज स्वतः थैल्या वाटायला आला तेव्हा ती बातमी झाली. म्हणजे आज टीव्हीवर दिसणारं, राजाने हातात थैली ठेवण्याचं दृश्य शंभर वर्षांचंही नाही. त्यानंतरही खाडे झालेच. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये थैल्या चक्क पोस्टाने गेल्या. २०२४ मध्ये चार्ल्स यांच्यावर कर्करोगाचे उपचार चालू होते, तेव्हा वुस्टरला राणी कॅमिला यांनी त्या वाटल्या.

नाणी विकणं गुन्हा असल्याचं म्हणाल, तर मग मी गुन्हेगारीचा माल कपाटात ठेवून आहे. ही नाणी लिलावात उघडपणे विकली जातात, आणि मिळालेल्या माणसाने ठेवावीत की विकावीत हा त्याचा प्रश्न. कायद्याने ती चलनही आहेत. १९७१ मध्ये ब्रिटनने दशमान पद्धत आणली तेव्हा मॉन्डीची पेनी नव्या पेनीच्या किमतीची धरली गेली. त्या पेनीने दुकानात काही विकत घेणारा वेडा मात्र अजून भेटायचा आहे.

राहता राहिलं आपल्या नेत्यांचं. त्यांच्यावर मी काही बोलणार नाही, ग्रुपचा नियम आहे. पण काका, मोठ्या माणसाने खाली वाकून पाय धुतलेले बघायचे असतील तर इंग्लंडला जायचं कारण नाही. येत्या पवित्र गुरुवारी संध्याकाळी विरारची लोकल पकडून वसईला उतरा आणि एखाद्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसा. वेदीपुढे बारा जण खुर्च्यांवर बसलेले असतात, एकेका पायातली चप्पल काढून, जरा अवघडलेले. फादर वरचा झगा उतरवतात, कमरेला टॉवेल बांधतात, तांब्यातून पाणी ओततात आणि पाय पुसतात. तिथे टॉवेल ओला होतो.