रेप्लिका आहे म्हणून बॅकअप बंद? कुणी सांगितलं?

"रीड रेप्लिका घ्या, बॅकअप बंद करा, पैसे वाचवा. मेन डेटाबेस पडला तर रेप्लिका आपोआप मेन होते. स्पीड दुप्पट!" हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. (रीड रेप्लिका म्हणजे मेन डेटाबेसची सतत होत राहणारी, फक्त वाचायला ठेवलेली नक्कल.) फिरू दे म्हटलं होतं. पण परवा भाच्याचा फोन आला, "मामा, बॅकअप बंद करू का?" पोरगा सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांसाठी सॉफ्टवेअर चालवतो. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, त्यावर निघतात. मग गप्प बसवेना.

आधी बॅकअपचंच. रेप्लिका मेनची नक्कल करते, चुकांसकट. घाईत कुणी 'व्हेअर' (कुठल्या नोंदी ही अट) न लावता 'डिलीट' मारलं, की हंगामाचे सगळे सौदे मेनवरून गेले आणि मागोमाग रेप्लिकावरूनही. बॅकअप असेल तर त्या डिलीटच्या आधीच्या वेळेला परत जाता येतं. रेप्लिकाला कालचं काही आठवतच नाही. आणि खरी गंमत पुढं आहे. अ‍ॅमेझॉनच्या आरडीएसवर, म्हणजे भाड्यानं मिळणाऱ्या डेटाबेस सेवेवर, मायएसक्यूएल या डेटाबेसची रेप्लिका काढायची तर मूळ डेटाबेसचा ऑटोमॅटिक बॅकअप चालू असावाच लागतो. बॅकअप जपायची मुदत शून्य दिवस ठेवली, म्हणजे तो बंदच केला, तर रेप्लिका बनतच नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं ती कधी काढून तरी बघितलीय का?

'आपोआप मेन होते' हेही तसंच. अ‍ॅमेझॉनच्याच ऑरोरा या वेगळ्या प्रकारच्या डेटाबेसात होतं, मान्य. साध्या आरडीएसवर प्रमोट, म्हणजे रेप्लिकाला मेन करणं, आपल्यालाच करावं लागतं. रेप्लिका रीबूट होते, काही मिनिटं जातात, जुन्या मेनशी नातं तुटतं आणि सॉफ्टवेअर ज्याला जोडतं तो डेटाबेसचा पत्ता वेगळाच राहतो. नक्कल मागून येत असते, त्यामुळं मेन अचानक पडला तर शेवटच्या काही नोंदी पोचलेल्याच नसतात. गिटहब या कोड ठेवायच्या साइटकडं तर प्रमोट करणारी यंत्रणा होती, तीही स्वतःच्या सर्व्हरवर. ऑक्टोबर 2018 मध्ये नेटवर्क 43 सेकंद तुटलं, यंत्रणेनं अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाचे डेटाबेस मेन केले, आणि दोन्हीकडं एकमेकांकडं नसलेल्या नोंदी झाल्या. निस्तरायला 24 तास 11 मिनिटं लागली. त्यांनी स्वतःच हे सगळं लिहून ठेवलंय, वाचा जरा.

स्पीडचं अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. महिन्याचे मोठे रिपोर्ट रेप्लिकावर टाकले तर मेनचा भार हलका होतो. पण लिहिणं सगळं मेनवरच. शिवाय सौदा मेनवर नोंदवून पट्टी लगेच रेप्लिकावरून काढली, तर कधी नोंद दिसत नाही, दिवाणजी पुन्हा टाकतो, आणि एकाच पोत्यांची दोनदा पट्टी.

पडझडीची भीती असेल तर मल्टी-एझेड घ्या, म्हणजे दुसऱ्या जागी तयार ठेवलेला राखीव डेटाबेस, स्टँडबाय. तिथं स्टँडबायची नक्कल सोबतच होते, बदल आपोआप होतो आणि पत्ताही तोच राहतो. बॅकअप मात्र तेव्हाही लागतोच.

भाच्यानं बॅकअपची मुदत 7 दिवस ठेवलीय. मग मी विचारलं, उद्या प्रमोट करावं लागलं तर डेटाबेसचा पत्ता कोडमध्ये कुठं कुठं बदलायचा? "तीन ठिकाणी," म्हणाला. संध्याकाळी पुन्हा फोन आला, "मामा, चौथं सापडलं."