रोमन छळात ‘एकानेही विश्वास नाकारला नाही’ हे विधान खरे नाही

रोमन साम्राज्यातील छळाच्या काळात एकाही ख्रिस्ती व्यक्तीने आपला विश्वास नाकारला नाही, असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यामागील श्रद्धा समजण्यासारखी असली, तरी तो इतिहासाला धरून नाही. सर्वांनी देवतांना बळी अर्पण करून तसे प्रमाणपत्र घ्यावे, असा हुकूम सम्राट डेशियसने इ. स. २५० च्या सुमारास लागू केला, तेव्हा काहींनी तुरुंगवास सोसला, काहींनी प्राण दिले, पण पुष्कळांनी बळी अर्पण केला आणि काहींनी तर पैसे देऊन नुसतेच प्रमाणपत्र मिळवले. अशी ४० हून अधिक प्रमाणपत्रे इजिप्तमध्ये पपायरसवर (एका पाणवनस्पतीपासून बनवलेल्या प्राचीन कागदावर) सापडली आहेत. (ती सर्व ख्रिस्ती लोकांचीच होती, असे मात्र समजू नये; हुकूम इतरांनाही लागू होता.)

उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहराचे बिशप सिप्रियन त्या वेळी स्वतः लपून राहिले आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. त्याच सिप्रियन यांनी २५८ मध्ये बळी अर्पण करण्यास नकार देऊन शिरच्छेद पत्करला. २५१ मधील कार्थेजच्या धर्मसभेने डळमळलेल्यांसाठी प्रायश्चित्ताचा मार्ग मोकळा ठेवला, तर रोममध्ये धर्मगुरू नोव्हेशन यांनी त्यांना चर्चमध्ये परत घेण्यास कडाडून विरोध केला. कोणीच डळमळले नसते, तर हा वाद उद्भवलाच नसता.