टाका चुकला म्हणूनच पित्तनलिका अरुंद होते का?

परळच्या रुग्णालयांबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर यकृत प्रत्यारोपणाविषयीचा एक संदेश फिरत असतो. यकृत पुन्हा वाढते, म्हणून पित्तनलिकेची, म्हणजे यकृतातले पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीची, चिंता नको. अवयव बर्फात ठेवला की सुरक्षित राहतो. आणि तरीही नलिका अरुंद झालीच, तर सर्जनचा टाका चुकला असे समजावे, असे त्याचे म्हणणे आहे.

पहिले विधान अर्धेच खरे आहे. जिवंत दात्याचे उरलेले यकृत काही आठवड्यांत बरेचसे भरून येते. यकृताबाहेरची पित्तनलिका तशी नव्याने फुटत नाही.

बर्फाचे म्हणाल, तर सुमारे ४ अंश सेल्सिअसला पेशींची प्राणवायूची गरज मंदावते, थांबत नाही, आणि नलिकेत साचून राहिलेले पित्त आतल्या अस्तराला इजा करते. म्हणून अवयव काढतानाच नलिका आतून धुऊन घेतात. हृदयक्रिया थांबल्यानंतर दान झालेल्या यकृतांवर नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठ रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, यकृतातून किमान दोन तास थंड, प्राणवायूयुक्त द्रव यंत्राने फिरवल्यावर जोडाव्यतिरिक्त (दात्याच्या यकृताची नलिका टाके घालून जिथे जोडतात ती जागा सोडून) इतरत्र नलिका अरुंद होऊन त्रास होण्याचे प्रमाण ६ टक्के राहिले, तर नुसत्या थंड साठवणीत ते १८ टक्के होते. आपल्याकडे दाते बहुतांशी जिवंत किंवा मेंदूमृत असल्यामुळे हे आकडे मुंबईला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण बर्फ पुरेसा नाही एवढे त्यांतून कळते.

तिसरे विधान सर्वांत अन्यायाचे आहे. जोडाच्या जागी येणाऱ्या अरुंदपणात शस्त्रक्रियेच्या तंत्राचा वाटा असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. असा अरुंदपणा पुष्कळदा ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण नलिकेपर्यंत नेऊन, स्टेंट (वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) घालून आटोक्यात येतो. परंतु यकृताच्या पेशींना पोर्टल व्हेन (आतड्यांकडून रक्त आणणारी शीर) आणि धमनी अशा दोन वाटांनी रक्त मिळते, तर पित्तनलिकांची भिस्त जवळजवळ सगळी धमनीवर असते, त्यामुळे धमनीत गुठळी झाली की एकही टाका न चुकता नलिका आतून झडू लागतात. नलिकेभोवतीच्या मऊ ऊतीत केसांहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. नलिका ‘स्वच्छ’ दिसावी म्हणून ती सोलत बसले, तर हेच जाळे तुटते. त्यामुळे अनुभवी सर्जन ती ऊती नलिकेलाच चिकटलेली ठेवतात आणि कापलेल्या टोकातून ताजे लाल रक्त पाझरते का ते पाहतात. टोक फिकट, कोरडे दिसले तर रक्त दिसेपर्यंत थोडे मागे कापतात आणि मगच टाके घालतात. जिवंत दात्याच्या उजव्या भागात नलिकेची दोन तोंडे निघणे काही दुर्मीळ नाही, त्यामुळे आधीच एमआरसीपी (पित्तनलिकांचे एमआरआय चित्र) काढून फाट्यांचा नकाशा पाहिला जातो.

प्रत्यारोपणानंतर डोळे पुन्हा पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, शौचाचा रंग मातकट झाला, तर त्याचे कारण अवयव नाकारला जाणे, जंतुसंसर्ग किंवा औषधेही असू शकतात. म्हणून रक्ततपासणीबरोबरच डॉपलर सोनोग्राफी करून धमनी वाहते आहे ना, हे लगेच पाहिले जाते.