दादर ज्वारीचं बी जीन बँकेत आहे, म्हणून घरचं सोडायचं?

खान्देशातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "दादर, बाजरीचं घरचं बी राखायची गरज नाही. सगळे वाण जीन बँकेत जमा आहेत, तिथे बी कधीच मरत नाही, लागलं की परत मिळतं." जीन बँक म्हणजे पिकांचं बी थंडीत जपून ठेवणारी संस्था. हे वाचून कोणी शेवटची कणगी रिकामी करू नये, म्हणून लिहितोय.

'सगळे वाण' हे खरं नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय जीन बँकेत चार लाखांवर नमुने आहेत, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत एकट्या ज्वारीचे 35,000 च्या वर. हे काम फार मोलाचं आहे. पण गोळा करणारा ज्या गावात पोचला, तिथलंच बी तिथे गेलं. त्यात बाजरी परपरागीभवनाची, म्हणजे एका ताटाचे पराग दुसऱ्यावर पडून दाणा धरणारी; एकाच वावरातली दोन ताटंही सारखी नसतात. मूठभर दाण्यांत हे सगळं वैविध्य येत नाही.

'कधीच मरत नाही' हेही चूक. उणे 18 अंशांत बी अनेक दशकं टिकतं, तरी उगवणशक्ती हळूहळू उतरतेच. ती मूळच्या 85 टक्क्यांखाली गेली की बी पुन्हा पेरून ताजं करावं लागतं. संकटंही येतात: फिलिपिन्सच्या राष्ट्रीय जीन बँकेत 2006 मध्ये पुराचं पाणी शिरलं, 2012 मध्ये आग लागली.

परत मिळतं ते काही ग्रॅम, तेही मुख्यतः संशोधनासाठी. दादरला एकरी चार किलो बी लागतं आणि रब्बी वर्षातून एकदाच येते. हिशेब ज्याचा त्याने करावा.

खरा मुद्दा मेसेजमध्ये नाहीच. थंडीत ठेवलेलं बी ज्या वर्षी आत गेलं, त्याच वर्षात थांबतं. वावरातलं बी दरसाल नवा रोग, पावसाची नवी ओढ सोसतं आणि त्यातून तगलेली कणसं आपण बियाण्याला काढतो. वैविध्य गेलं की काय होतं, हे बाजरीने दाखवलंय. 1965 नंतर आलेल्या एचबी मालिकेतल्या पहिल्या संकरित वाणांची मादी, म्हणजे ज्या ताटांवर संकरित बी धरतं तो आईकडचा वाण, एकच होती: टिफ्ट 23ए. उत्पन्न वाढलं, पण 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी (केवडा) रोग आला आणि देशभर याच मालिकेतली एचबी-3 झोपली. मादी एक, म्हणून दुबळेपणाही एकच. प्रतिकारशक्ती शोधायला शेवटी निरनिराळ्या भागांतल्या गावठी बाजरीकडेच जावं लागलं.

जुनी दादर असेल तर कृषी विज्ञान केंद्रामार्फत नमुना जरूर द्या. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपला वाण नोंदवता येतो, नोंदणी शुल्कही नाही. आणि येत्या रब्बीत चार ओळी तरी घरच्या बियाण्याच्या पेरा.